घरातली गोष्ट कागदावर येते तेव्हा

माझी पहिली कथा छापून आली, तेव्हा अब्बांनी तो अंक सगळ्या मोहल्ल्यात दाखवला. चौथ्या दिवशी खाला घरी आली. चहाला हात लावला नाही. अंक समोर ठेवून एवढंच म्हणाली, "मेरी बात कायकू लिखी गे?"

मी कथेतलं नाव बदललं होतं. नाव बदललं की माणूस लपतो, असा माझा समज होता. पण नवऱ्याने टाकलेली ती बाई, तिचं हिरवं शिलाई मशीन, मुलाच्या फीसाठी विकलेल्या बाळ्या, सगळं खालाचंच होतं. एका रात्री विश्वासाने सांगितलेलं. पुढची दोन वर्षं खाला माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलली नाही.

कथा कशी लिहावी हे शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. शिक्षिकेला वेळ कसा मिळतो, हेही लोक विचारतात. फजरनंतर शाळेची घंटा होईपर्यंत अर्धा तास मिळतो, आणि तेवढा पुरतो. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या घरांत भिंती पातळ आणि नाती दाट असतात. ज्यांचं दुःख आपल्याला कळतं, ती आपलीच माणसं असतात. पाठीमागे कुणाबद्दल बोलू नये, गीबत करू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग कथा लिहिणं आणि गीबत करणं यांत फरक काय?

हा प्रश्न थोरांनाही चुकलेला नाही. इस्मत चुगताई आमच्याच पेशातल्या. बी.ए., बी.टी. झालेल्या, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पुढे मुंबईत शाळा तपासनीस. 1942 साली त्यांची 'लिहाफ' ही कथा आली आणि लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कथा सुचली होती अलिगढमधल्या एका बेगमविषयी कानावर आलेल्या गोष्टीवरून. पुढे त्या बेगमची गाठ पडली तेव्हा इस्मतआपा मनातून धास्तावल्या होत्या. पण बेगमने त्यांना प्रेमानेच जवळ केलं, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. असं नशीब प्रत्येक लेखकाच्या वाट्याला येत नाही. माझ्या वाट्याला खालाचा अबोला आला.

त्या अबोल्यात मी इस्मतआपांचीच 'चौथी का जोडा' पुन्हा वाचली. लेकीच्या लग्नाची वाट पाहणारी बी अम्मा कमी कापडातून पूर्ण जोडा बेतते. ही नेमकी कुठल्या घरची, असं वाचताना मनातही येत नाही. आपल्याच गल्लीतली एखादी कुब्रा आठवते. प्रेमचंदही आधी शाळामास्तर होते. त्यांच्या 'ईदगाह'मधला हमीद ईदीचे तीन पैसे खेळण्यावर न उडवता दादीसाठी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं पोळतात. ती पोळलेली बोटं हजार घरांतली आहेत.

मग माझी चूक उमगली. खालाच्या आयुष्यातली मशीन, बाळ्या, गल्ली ही बाहेरची खूण मी उचलली होती. तिच्या मनातली वाट पाहणं मात्र कथेत उतरलंच नव्हतं. गीबत ऐकणारा विचारतो, "ही कोण?" चांगली कथा वाचणारा हे विचारायचं विसरतो.

मी कथा उसवली. टाकलेली बाई गेली, मशीनही गेलं. आता आखाती देशात गेलेल्या मुलाची वाट पाहणारी एक आई आली. खालाची एकच गोष्ट ठेवली: दाराची कडी वाजली की तिचे हात क्षणभर थांबतात. भाषाही बदलली. आधी माझी सगळी पात्रं पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत. आता निवेदन मराठीत ठेवलं आणि आईच्या तोंडी आपल्या घरातली दखनी दिली. "मेरेकू भूक नै" या तीन शब्दांत ती आई जेवढी दिसली, तेवढी माझ्या अख्ख्या परिच्छेदात दिसत नव्हती.

या वेळी कथा पोस्टात टाकण्याआधी खालाकडे गेले. म्हटलं, "खाला, सुनाती हूँ. तू नको म्हणालीस तर फाडून टाकेन." ती मेथी निवडत ऐकत होती. कडीच्या वाक्याशी तिचे हात थांबले. शेवटी ओढणीने डोळे पुसून म्हणाली, "बिचारी. बेटा आया क्या फिर उसका?"

"आया नै अबतक."

"भेज दे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. तिने स्वतःला ओळखलं की नाही, मी विचारलं नाही.

आपल्या घरात एखादी मुलगी वहीत काही लिहीत असेल, तर ती वही हिसकावू नका. तिला एवढंच सांगा, कुणाचं दुःख उचलायचं तर त्याचा पत्ता घरीच ठेवून ये. आणि जमलं, तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखव.