खड्ड्याने गाडी मोडली, दाद कुणाकडे?
वर्धा, हिंगणघाट, पुलगावकडे कर्जाच्या गाडीवर घर चालविणाऱ्या बांधवांना आम्ही एक फरक सांगू इच्छितो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, चांगला रस्ता हा घटनेच्या 21व्या कलमातला हक्क मानून, खड्ड्याने मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरविली. ही रक्कम कसूरदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायची आहे. आम्हाला तेच मोलाचे वाटते.

पण मोडलेल्या गाडीचे पैसे त्यात नाहीत. नुसता थर्ड पार्टी विमाही ते देत नाही. उरतो दिवाणी दावा. त्याआधी नगरपरिषदेला लेखी नोटीस द्यावी लागते. खड्ड्याचा फोटो, पंचनामा, गॅरेजची पावती जपा. रस्ता नगरपरिषदेचा की बांधकाम खात्याचा, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.