वांग्यातील अळी आणि उसने जनुक

भाजीसाठी वांगे हातात घेतल्यावर घरातील माणसे प्रथम काय पाहतात? कोठे भोक दिसते का ते! भोक दिसले, की वांगे उभे चिरायचे, आणि बहुधा आत फिकट गुलाबी रंगाची एक अळी सापडते. हीच ती ‘शेंडा व फळ पोखरणारी अळी’. शास्त्रज्ञ तिला ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस म्हणतात. सणसर, काटेवाडी, बेलवाडी या कालव्याखालच्या पट्ट्यात उसाशेजारच्या एखाद्या तुकड्यात ज्यांच्या घरी वांगी लावतात, त्यांना या अळीचा प्रताप सांगायला नको.

ही अळी औषधाला दाद का देत नाही? पतंग पानांच्या मागे अंडी घालतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत शिरली, की बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती बाहेर असतानाच गाठण्यासाठी पुन्हापुन्हा फवारतो. त्याचा खर्च शेतकऱ्याला, वास फवारणाऱ्याला आणि उरलेला अंश खाणाऱ्याला!

औषध बाहेरून मारण्याऐवजी झाडालाच ते आपल्या अंगात तयार करता आले तर? या कल्पनेतून ‘बीटी वांगे’ जन्माला आले, आणि त्याबरोबर एक मोठा वादही. तो वाद नीट समजून घेण्यासाठी आधी थोडे विज्ञान पाहू.

ऊसही बदललेलाच आहे

पिकांत बदल करणे ही नवी गोष्ट नाही. आपल्या भागातील ‘को ८६०३२’ हा ऊस निसर्गात आपोआप उगवलेला नव्हे. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस-पैदास केंद्र सुरू झाले. तेथे बार्बर आणि वेंकटरमण या शास्त्रज्ञांनी जाड, गोड उसाचा गवतासारख्या बारीक पण काटक रानटी उसाशी संकर केला. त्यातून निघालेला ‘को २०५’ हा वाण १९१८ साली शेतकऱ्यांना मिळाला. वाणाच्या नावातील ‘को’ म्हणजे कोइमतूर. आजचे आपले बहुतेक ऊस याच घराण्यातले.

मग जनुक बदललेल्या पिकात वेगळे ते काय? संकरात दोन नातेवाईक वनस्पतींची हजारो जनुके एकत्र पिसली जातात. पत्ते पिसावेत तशी! त्यातून चांगला हात येईपर्यंत वर्षानुवर्षे निवड करावी लागते. जनुक-अभियांत्रिकीत नेमके एखादेच जनुक उचलतात. पण ते कोठूनही उचलता येते. वनस्पतीचे जनुक वनस्पतीतच गेले पाहिजे, हे बंधन तेथे नाही. वांग्यात आणलेले जनुक चक्क एका जिवाणूचे आहे.

जिवाणूचे कुलूप आणि किल्ली

जपानमध्ये १९०१ साली रेशमाचे किडे पटापट मरू लागले, तेव्हा त्याचे कारण शोधताना हा जिवाणू प्रथम सापडला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर या शास्त्रज्ञाने त्याचा पुन्हा शोध लावला. थुरिंजिया या प्रांतावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच थोडक्यात ‘बीटी’, असे नाव मिळाले. हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो. त्याची पावडर पाण्यात कालवून फवारण्याची पद्धत जुनी आहे. सेंद्रिय शेती करणारेही ती वापरतात.

हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या पोटातील पाचकरस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळते आणि त्याचा क्रियाशील तुकडा सुटा होतो. आतड्याच्या पेशींवर एक विशिष्ट रेणू असतो. तो जणू कुलूप, आणि हा तुकडा त्याची किल्ली. किल्ली बसली, की पेशीला छिद्रे पडतात आणि अळी मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो. तेथे या प्रथिनाचे इतर प्रथिनांप्रमाणे पचन होते. शिवाय आपल्या आतड्यात ते कुलूपही नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवरही या प्रथिनाचा परिणाम होत नाही. म्हणजे बीटी वांग्यावर फवारणी मुळीच नको, असे मात्र नाही.

हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, त्याचे नाव क्राय१एसी. त्याची लांबी सुमारे ३,५०० अक्षरे. आम्हा पदार्थविज्ञानाच्या माणसांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडा हिशोब करू. वांग्याच्या पेशीतील संपूर्ण जनुक-मजकूर १०० कोटी अक्षरांहून मोठा आहे. एका पानावर २,००० अक्षरे छापली, तर तो ग्रंथ ५ लाख पानांचा होईल. त्यात आपण दोन पानांपेक्षाही कमी मजकूर घातला! पण एवढ्यावरून ‘बदल क्षुल्लक आहे’ असे म्हणता येईल का? नाही. मजकूर किती आहे यापेक्षा तो काय सांगतो आणि ग्रंथात कोठे शिरला आहे, याला महत्त्व आहे. म्हणूनच चाचण्या कराव्या लागतात.

हे जनुक आत घालण्यासाठीही एका जिवाणूचीच मदत घेतात. त्याचे नाव ॲग्रोबॅक्टेरियम. तो निसर्गातच वनस्पतींच्या पेशीत आपली काही जनुके घुसवून त्यांच्यावर गाठी आणतो. शास्त्रज्ञ त्याची गाठ आणणारी जनुके काढून टाकतात आणि त्या जागी हवे ते जनुक ठेवतात. निरोप्या तोच, निरोप मात्र बदललेला.

मंजुरी आणि स्थगिती

बीटी वांगे तयार केले ते आपल्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने. कोइमतूर आणि धारवाड येथील कृषी विद्यापीठेही या कामात सहभागी होती. केंद्र सरकारच्या जनुक-अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला मंजुरी दिली. देशात एकच गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक सगळे बोलले. अनेक राज्य सरकारांनी विरोध नोंदवला. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी या वांग्याला स्थगिती देण्यात आली. त्यानंतर भारतात त्याच्या लागवडीस परवानगी मिळालेली नाही.

शेजारच्या बांगलादेशने मात्र ऑक्टोबर २०१३ मध्ये तेच जनुक असलेल्या चार वाणांना मंजुरी दिली. जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपे देण्यात आली, आणि पुढे हजारो शेतकरी ते पीक घेऊ लागले. तेथील पाहणीत कीटकनाशकांवरील खर्च जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आणि विक्रीयोग्य उत्पादन वाढल्याचे आढळले.

मग आपण चुकलो की बांगलादेश चुकला? विद्यार्थिमित्रांनो, येथे घाई करू नका. ‘जनुक बदललेले पीक चांगले की वाईट?’ हा एक प्रश्न नसून अनेक प्रश्नांचे गाठोडे आहे. ते सोडून एकेक प्रश्न वेगळा केला, तरच विचार पुढे सरकतो.

पहिला प्रश्न : ते काम करते का? याचे उत्तर शेतात मोजून मिळते, आणि या अळीपुरते ते ‘होय’ असे आहे.

दुसरा : ते खाण्यास निर्धोक आहे का? याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते. वर सांगितलेले कुलूप-किल्लीचे कारण त्याच्या बाजूने आहे. जनावरांना खाऊ घालून केलेल्या चाचण्यांतही मंजुरी देणाऱ्या समितीला धोका दिसला नाही. विरोधकांचा आक्षेप असा होता, की चाचण्या थोड्या काळाच्या होत्या आणि त्या बियाणे विकणाऱ्या कंपनीनेच करवून घेतल्या होत्या. हा आक्षेप जनुकावर नसून परीक्षेच्या पद्धतीवर आहे. परीक्षार्थ्यानेच पेपर तपासावा का, असे म्हणा ना! त्याला उत्तर एकच : स्वतंत्र आणि उघड तपासणी.

तिसरा : आपल्या देशी वाणांचे काय? वांगे हे मूळचे आपल्याच भूभागातले पीक. मांजरी गोटा, कृष्णाकाठची वांगी असे किती प्रकार! परागकण वारा आणि मधमाश्या सातबारा पाहून नेत नाहीत. एका शेतातील जनुक दुसऱ्या शेतातील वाणात जाऊ शकते. हे वाण जपायचे असतील, तर त्यांच्या शुद्ध बियाण्याची व्यवस्था आधी हवी.

चौथा : बियाणे कोणाच्या हाती? सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते, संकरिताचे दरवर्षी विकत घ्यावे लागते. याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही. ते समाजाने ठरवायचे असते. शेतकऱ्यांमध्येही याबाबत एकमत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ‘आम्हाला तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य द्या’ अशी मागणी करत परवानगी नसलेल्या कपाशीची उघड लागवड केली होती.

आणि पाचवा : ते किती वर्षे काम करील? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र विदर्भ-मराठवाड्याने मोठी किंमत देऊन मिळवले आहे.

कपाशीचा धडा

बीटी कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली आणि फवारण्या घटल्या. पण २०१० साली गुजरातमधील शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. दोन प्रथिने असलेली कपाशी आली, पण कालांतराने अळी तिलाही पुरून उरली. २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने हाहाकार केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

असे का झाले? थोडे गणित करू. समजा, अळीला बीटी पचवण्याची शक्ती देणारे जनुक हजारांत एक आहे. प्रत्येक अळीला अशी दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही प्रतिकारक असली तरच अळी वाचते, असे धरू. अशी अळी १,००० गुणिले १,०००, म्हणजे दहा लाखांत एक.

गावात १ कोटी अळ्या आहेत आणि सगळीकडे बीटी पीकच आहे. किती वाचतील? फक्त १०. पण त्या दहांचे पतंग एकमेकांशीच जुळणार, आणि त्यांची सगळी प्रजा प्रतिकारक निपजणार!

आता पाचव्या हिश्श्यात साधे पीक ठेवा. बीटीवरील ८० लाखांपैकी ८ अळ्या वाचतील, पण साध्या पिकावर २० लाख साध्या अळ्या जिवंत असतील. त्या आठांना जोडीदार मिळणार तो बहुतेक साधाच. त्यांच्या पिल्लांत एकच प्रतिकारक जनुक असेल, आणि ती बीटी पिकावर मरतील. साध्या पिकाच्या या पट्ट्याला ‘आश्रय-पीक’ म्हणतात. निसर्गात सारे इतके नेमके घडत नाही, पण तत्त्व हेच.

आपल्याकडे बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याचे छोटे पाकीट मिळत असे. अनेकांनी ते पेरलेच नाही. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला अळीसाठी हिस्सा सोडणे परवडणार कसे? शिवाय फरदड घेण्यासाठी कपाशी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि अळीला बारमाही खाद्य मिळाले. अमेरिकेतील ॲरिझोनात मात्र आश्रय-पीक काटेकोरपणे लावले. नंतर किरणोत्साराने वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. तेथील कपाशीच्या प्रदेशातून शेंदरी बोंडअळी नाहीशी झाल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झाले. अळीची जात तीच, बीटीचे तत्त्वही तेच. फरक पडला तो ते वापरण्याच्या व्यवस्थेत.

म्हणून उद्या वांगे असो वा ऊस, कोणतेही असे पीक आपल्या शिवारात यायचे ठरले, तर ‘बियाणे कसे आहे?’ एवढेच विचारून भागणार नाही. आश्रय-पीक कोण लावणार, त्याची नुकसानभरपाई कोण देणार, तपासणी कोण करणार, हेही विचारायला हवे. आणखी काही वर्षांनी ग्रामसभेत हे प्रश्न विचारणारे तुम्हीच असाल.

करून पाहा

एका डब्यात ८० वाटाणे (साधी जनुके) आणि २० हरभरे (प्रतिकारक जनुके) घ्या. न पाहता दोन-दोन दाण्यांच्या ५० जोड्या काढा. प्रत्येक जोडी म्हणजे एक अळी. दोन्ही दाणे हरभऱ्याचे असलेल्या जोड्याच ठेवा, बाकीच्या काढून टाका. (एकही उरली नाही तर डाव पुन्हा मांडा.) उरलेल्या दाण्यांचे जे प्रमाण असेल, त्याच प्रमाणात पुन्हा १०० दाणे घेऊन पुढची पिढी खेळा. मग सारा खेळ पहिल्यापासून मांडा. पण या वेळी प्रत्येक पिढीत आधी काढलेल्या १० जोड्या ‘आश्रय-पिकावरच्या’ समजून तशाच जिवंत ठेवा. दोन्ही खेळांत किती पिढ्यांनी डबा हरभऱ्यांनी भरतो, ते वहीत मांडा आणि आलेख काढून तुमच्या शिक्षकांना दाखवा.