वाढीव हमीचा कागद आणि परळची फिर्याद

दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दादर, लालबाग, गिरगाव येथील दुकानांतून फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांची जी खरेदी होते, तिच्या अखेरीस, बिल फाडण्याच्या बेतात असताना, विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो: कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे, थोडी रक्कम भरून ती वाढवून घेता का? ग्राहक होकार देतो, रक्कम बिलात चढते, आणि ज्या करारापोटी ती दिली त्याचा मजकूर त्याच्या हाती पुढे केव्हातरी, बहुधा मोबाईलवर, येतो. कित्येकदा येतही नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या तंट्यांचे मूळ, माझ्या मते, यंत्राच्या बिघाडापेक्षा या क्रमातच अधिक आहे. मोबदला आधी घेतला जातो आणि शर्ती मागाहून कळतात.

ही वाढीव हमी पुष्कळदा यंत्र बनविणाऱ्या कंपनीची नसतेच. ती दुकानाची असते, किंवा दुकानाने नेमलेल्या तिसऱ्याच संस्थेची, आणि तिच्यामागे कधी एखादी विमा कंपनी उभी असते. त्यामुळे तिची घडणही विम्यासारखी असते: प्रारंभी उदार आश्वासन, आणि त्याखाली बारीक टंकात अपवादांची यादी. रिमोट, प्लॅस्टिकचे भाग, काच, गॅस भरणे, विजेच्या दाबातील चढउतार, पाणी, गंज, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, अनधिकृत कारागिराने केलेली दुरुस्ती, हे सारे तीत सामान्यतः वगळलेले असते. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी असे ठळक अक्षरांत छापलेले असले, तरी तो बदलण्याची मजुरी आणि त्यात भरावयाचा गॅस यांचा खर्च अनेकदा ग्राहकाच्याच माथी येतो.

आता ही यादी मुंबईच्या हवेत वाचून पाहावी. ज्या शहराच्या तिन्ही अंगांना खारे पाणी आहे, ज्याच्या हिंदमाता-परळ भागातील तळमजले पावसाळ्यात वारंवार जलमय होतात, आणि ज्याच्या जुन्या चाळींत उंदरांचा वावर नवा नाही, तेथे गंज, पाणी आणि उंदीर वगळून दिलेली हमी नेमकी कशाची, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. तंटा माजतो तो येथेच. यंत्राच्या आतील पट्टीवर चढलेला गंज दमट हवेचा, की कोणी सांडलेल्या पाण्याचा, हे ठरविणारा इसम हमी देणाऱ्यानेच पाठविलेला तंत्रज्ञ असतो, आणि त्याने जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ हे दोन शब्द लिहिले की तक्रार नामंजूर होते. म्हणून त्या कागदाची प्रत त्याच वेळी मागून घ्यावी, त्यातील कारण मान्य नसल्यास सही करण्यापूर्वी तशी हरकत त्यावरच नोंदवावी, आणि यंत्राची छायाचित्रे काढून ठेवावीत. लॅमिंग्टन रोडवरचा जुना, अनुभवी कारागीर बिघाडाचे खरे कारण सांगू शकेल. परंतु निवाडा होण्यापूर्वी यंत्र त्याच्याकडून उघडवून घेतले, तर अनधिकृत दुरुस्तीचा आक्षेप आयताच मिळतो.

आणखी एक अपवाद या भागातील अनेक कुटुंबांना बाधतो, तो घरगुती वापराचा. गिरगावातील एखादी गृहिणी पुरणपोळ्यांच्या मागण्या घेते, लालबागेतील एखादे घर डबे पुरविते, आणि सामान त्याच फ्रिजमध्ये राहते. ग्राहक संरक्षण कायद्याने केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू वापरणाऱ्यास ग्राहकच मानले आहे, म्हणून तिचा फिर्यादीचा अधिकार शाबूत राहतो. मात्र करारातील घरगुती वापराची शर्त तेवढ्याने आपोआप नाहीशी होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

शर्तींचे बळ किती, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. मारुती उद्योगाच्या 2006 मधील प्रकरणात, हमी सदोष भाग बदलून देण्याची असता संपूर्ण मोटार बदलून मागता येणार नाही, असे ठरले. उलट नोव्हेंबर 2022 मध्ये टेक्स्को मार्केटिंगच्या प्रकरणात, दुकान तळघरात आहे हे ठाऊक असून हप्ता घेणाऱ्या विमा कंपनीस, आग लागल्यावर तळघर वगळणाऱ्या कलमाचा आश्रय न्यायालयाने घेऊ दिला नाही. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भारही कंपनीवरच ठेवला. हे तत्त्व विम्याचे खरे, पण विम्याच्याच साच्यात ओतलेल्या वाढीव हमीला ते का लागू नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

फिर्याद कोठे करावी? दक्षिण मुंबई आणि मध्य मुंबई या दोन्ही जिल्हा ग्राहक आयोगांचे ठिकाण परळला, महात्मा गांधी रुग्णालयाजवळच्या पुरवठा भवनात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क पडत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोष तपासणीवाचून कळणारा नसेल, तर आयोग यंत्र प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत द्यावा, असा कायद्याचा संकेत आहे, जो व्यवहारात क्वचितच पाळला जातो. आधी 1915 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 1966 पासून कार्य करणारी आझाद मैदानाजवळची कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी आणि 1975 मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांचा सल्लाही घ्यावा.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव आहे आणि ती मला फार खुपते. ग्राहकावर अवाजवी शर्त लादणाऱ्या करारास याच कायद्याने ‘अनुचित करार’ म्हटले आहे, आणि अशा करारातील कलम रद्दबातल ठरविण्याचा अधिकारही निर्माण केला आहे. मात्र तो अधिकार जिल्हा आयोगास दिलेला नाही. तो राज्य आयोगास व राष्ट्रीय आयोगास आहे. परळचा आयोग सेवेतील त्रुटीची दखल घेऊन भरपाईचा हुकूम देऊ शकतो, पण जे अन्याय्य कलम पुढच्या दिवाळीत पुन्हा शेकडो बिलांबरोबर विकले जाणार आहे ते पुसून टाकणे त्याच्या हाती नाही, आणि चाळीस हजारांच्या टीव्हीसाठी लालबागच्या रहिवाशाने त्याकरिता राज्य आयोगापर्यंत जावे ही अपेक्षा अवास्तव आहे. कायद्यात दुरुस्ती करून हा अधिकार जिल्हा आयोगांना द्यावा, आणि तोपर्यंत वाढीव हमीचा संपूर्ण मराठी मजकूर रक्कम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे, अशी माझी शासनाकडे मागणी आहे.