लोकवाद्याचा अभिजात संगीतातील प्रवेश : संतूर आणि महाराष्ट्रातील संतूरवादक

प्रस्तावना

एका संगीतपरंपरेतील वाद्य दुसऱ्या परंपरेत जाते तेव्हा केवळ वादकाचे कौशल्य पुरेसे ठरत नाही. ज्या संगीतात प्रवेश करावयाचा असतो, त्या संगीताची एखादी मूलभूत मागणी त्या वाद्याला पूर्ण करता येत नाही, आणि नेमकी तेथेच त्याची कसोटी लागते. काश्मीरच्या संतूरने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी रागसंगीतात मिळविलेले स्थान हे याचे ठळक उदाहरण होय. या वाटचालीत महाराष्ट्राचा, आणि एका धाग्याने धाराशिव जिल्ह्याचाही, वाटा आहे. संतूरची मर्यादा कोणती होती आणि निरनिराळ्या वादकांनी तिच्यावर कोणते मार्ग शोधले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ वाद्य आणि त्याची मर्यादा

संतूरला सामान्यतः लोकवाद्य म्हटले जात असले, तरी काश्मीरमध्ये त्याचे मुख्य स्थान सूफियाना मौसिकीत आहे. या गायनप्रकारात संतूर हे गायकांची साथ करणारे प्रमुख वाद्य असते. अक्रोडाच्या लाकडाच्या चौकोनी पेटीवर पंचवीस घोड्या आणि प्रत्येक घोडीवर चार, अशा एकंदर शंभर तारा, ही त्याची पारंपरिक रचना होय. 'कलम' नावाच्या दोन लाकडी काड्यांनी या तारांवर आघात करून ते वाजविले जाते.

आघाताने निर्माण होणारा स्वर उमटताच विरू लागतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंडपणे सरकणे, म्हणजेच मींड, या वाद्यावर सहज शक्य नाही. हिंदुस्थानी रागसंगीत मात्र कंठसंगीताला आदर्श मानते, आणि स्वराची आस व मींड ही त्याची प्राणभूत अंगे होत. हा आक्षेप किती गंभीर मानला जात असे, याची कल्पना हार्मोनियमच्या इतिहासावरून येते. मींड व सूक्ष्म श्रुती यांना असमर्थ ठरवून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीन दशके टिकली. अशा वातावरणात संतूरचा स्वतंत्र वाद्य म्हणून विचार होणे अवघडच होते.

शिवकुमार शर्मा यांचे कार्य

जम्मू येथे १९३८ साली जन्मलेले शिवकुमार शर्मा हे प्रथम गायन व तबला शिकले होते. वडील उमादत्त शर्मा यांनी त्यांच्या हाती संतूर दिले. १९५५ साली मुंबईतील हरिदास संगीत संमेलनात त्यांनी ते रसिकांसमोर सादर केले. त्याच वर्षीच्या व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटातही त्यांच्या संतूरचा पार्श्वसंगीतासाठी उपयोग झाला. मात्र हे वाद्य रागविस्ताराला अपुरे आहे, ही टीका कायम राहिली.

या टीकेला त्यांनी वाद्यातच बदल करून उत्तर दिले. तारांची संख्या ९१ वर आणून त्यांनी स्वरांची मांडणी बदलली. तिवईवर ठेवले जाणारे वाद्य त्यांनी मांडीवर घेतले. कलम तारांवर हलक्या हाताने, झपाट्याने घसरवून सलग नादाचा भास निर्माण करण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले, आणि त्यामुळे आलाप शक्य झाला. मींड त्यातून साध्य झाली नाही. परंतु मींडेच्या अभावी होणारा स्वरांचा तुटकपणा दूर झाला. १९६७ साली हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य जगभर पोहोचविले. १० मे २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील दोन वाटा

संतूरची पुढील वाटचाल महाराष्ट्रात दोन भिन्न दिशांनी झाली. पहिली दिशा गायकीची आहे. ज्येष्ठ गायक पं. चिंतामण रघुनाथ व्यास यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९२४ रोजी तेव्हाच्या निजाम राज्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे झाला. गोविंदराव भातंब्रेकर, राजारामबुवा पराडकर आणि जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडून त्यांना अनुक्रमे किराणा, ग्वाल्हेर व आग्रा या परंपरांची तालीम मिळाली. त्यांचे पुत्र सतीश व्यास यांनी वडिलांकडे गायन शिकून १९७८ पासून शिवकुमार शर्मा यांच्याकडे संतूरचे शिक्षण घेतले. २००३ साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. वाद्य हाती येण्यापूर्वीच बंदिश व रागविस्तार कंठातून आत्मसात झालेला असणे, हे या वाटेचे वैशिष्ट्य होय. वाद्याला जे जमत नाही त्याची जाण वादकाला गायनातून येते, आणि स्वरवाक्याची रचना तो त्यानुसार करतो.

दुसरी दिशा तंत्राची आहे. पं. उल्हास बापट (१९५०-२०१८) यांनी सप्तकातील बाराही स्वर क्रमाने लावण्याची पद्धत अवलंबिली. एरवी संतूर रागानुसार पुन्हा जुळवून घ्यावे लागते. या पद्धतीमुळे एका रागातून दुसऱ्या रागात न थांबता जाणे आणि रागमाला वाजविणे शक्य झाले. मींड काढण्याचे स्वतंत्र तंत्रही त्यांनी विकसित केले. अर्थात, शिवकुमार शर्मा यांनी जी मर्यादा स्वीकारून तिच्यावर पर्याय शोधला, तीच दूर करण्याचा प्रयत्न बापट यांनी केला.

एक तौलनिक उदाहरण

अशी कसोटी भारताबाहेरील वाद्यांचीही लागली आहे. कोलंबिया व व्हेनेझुएला यांच्या गवताळ मैदानी प्रदेशात होरोपो या लोकसंगीतासाठी साधारणतः बत्तीस तारांची हार्प वाजवितात. जॅझमध्ये हार्प अगदीच अपरिचित नव्हती. डोरोथी ॲशबी यांनी १९५० च्या दशकातच ती तेथे वाजविली होती; परंतु ती पायखटक्यांची, पाश्चात्त्य वाद्यवृंदातील हार्प होती. लोकहार्पला असे खटके नसल्याने ती एका वेळी सातच स्वरांत लावलेली असते, तर जॅझला बाराही स्वर लागतात. बोगोटा येथे १९७८ साली जन्मलेले एडमार कास्तान्येदा १९९४ मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांनी हीच लोकहार्प लॅटिन जॅझमध्ये आणली. डाव्या हाताने खर्जातील बासची साथ आणि उजव्या हाताने सुरावट, असे एकाच वाद्यातून दोन वादकांचे काम ते करतात. पुढे फ्रान्समधील कामाक या हार्पनिर्मात्या संस्थेने त्यांच्यासाठी हातखटक्यांची हार्प घडविली. संतूरपुढे मींडेचा प्रश्न होता, हार्पपुढे अर्धस्वरांचा. दोन्हीकडे उत्तर वादनतंत्र आणि वाद्याची घडण यांच्या संयोगातूनच मिळाले.

मराठवाड्याच्या संदर्भात

या प्रक्रियेची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. आज संतूर म्हटले की मैफलीतील एकल वाद्य डोळ्यांसमोर येते. ज्या सूफियाना मौसिकीतून ते आले, ती मात्र मोजक्या घराण्यांतच टिकून आहे. वाद्याची प्रतिष्ठा वाढली म्हणजे त्याच्या मूळ परंपरेचेही संवर्धन होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा मुद्दा आपल्या परिसराला लागू पडतो. तुळजाभवानीच्या गोंधळातील संबळ व तुणतुणे ही उमरगा-तुळजापूर भागात पिढ्यान्पिढ्या ऐकली जाणारी वाद्ये होत. तुणतुण्याची एकच तार आधारस्वर व लय पुरविते. संबळ दोन चर्मवाद्यांच्या जोडीतून गोंधळाचा ठेका उभा करते. उद्या एखाद्या प्रतिभावंताने ही वाद्ये अन्य संगीतात नेली, तर ते स्वागतार्हच ठरेल. तथापि त्यापूर्वी गोंधळी कलावंतांचे ठेके, वाद्य जुळविण्याच्या रीती आणि कारागिरांचे ज्ञान यांची नोंद होणे अगत्याचे आहे. अन्यथा वाद्य पुढे जाईल आणि त्याचे मूळ संगीत मागे पडेल. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र व संगीत विषयांच्या अध्यापकांना हे काम परस्पर सहकार्याने करता येण्यासारखे आहे.

समारोप

सारांश, लोकवाद्याचा नव्या संगीतातील प्रवेश वादकाच्या द्रुतगतीवर नव्हे, तर वाद्याच्या उणिवेला तो कसे सामोरे जातो यावर ठरतो. संतूरच्या बाबतीत त्या उणिवेवर पर्याय शोधला गेला, ती गायकीच्या संस्काराने सावरली गेली आणि नव्या तंत्राने दूर करण्याचाही प्रयत्न झाला. या तिन्ही मार्गांमागे गुरू, वाद्यकारागीर आणि श्रोतृवर्ग यांचे पाठबळ होते. हे पाठबळ मूळ परंपरेलाही मिळाले, तरच अशा प्रवेशाने संगीत खऱ्या अर्थाने समृद्ध होईल.