बैठ्या कामाची दुखणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतजमिनीची पहाणी, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या जागी असणारा उतारा, बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत पूर्वी हाताने लिहिला जात असे. 2000 सालाच्या सुमारास कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेने तो संगणकावर आणला आणि औराद, भालकी, आळंद येथील तालुका कचेऱ्यांत लेखणीची जागा कळफलकाने घेतली. मान, कंबर व मनगटाचे दुखणे हे या संगणकाचेच देणे आहे, असा समज सर्रास आढळतो. पण तो इतिहासाला धरून नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1713 साली, व्यावसायिक रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या वाढीव आवृत्तीत, लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली होती : सततची बैठक, हाताची एकाच दिशेने चालणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तिन्ही कारणे आजही तशीच आहेत.

ताठ बसले की पाठ दुखत नाही, हा दुसरा समज अर्धाच खरा आहे. स्नायू एकाच स्थितीत आखडून राहिले की त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मणक्यांमधील चकत्यांना, म्हणजे हाडांमधील लवचीक गाद्यांना, प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसल्यामुळे त्यांचे पोषण हालचालीवर बरेच अवलंबून असते. म्हणून उत्तम बैठकसुद्धा तासन्‌तास टिकवली तर बाधतेच. जमिनीवर मांडी घालून बसणे हेही अभय नव्हे : तासन्‌तास खाली वाकून चांदीची तार ठोकणारा बीदरचा बिदरी कारागीर आणि आडत दुकानातील गादीवर हिशेब लिहिणारा मुनीम यांच्या मानेवर तोच भार येतो. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणे हा उपाय फुकटचा आहे, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे.

महागडी खुर्ची अपरिहार्य नाही. कोपर कळफलकाच्या उंचीला यावे, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत व हातभर अंतरावर असावी, तळपाय टेकावेत. टेबल उंच असल्यास खुर्चीवर घडी केलेली सतरंजी आणि पायाखाली लाकडी फळी पुरते.

बोटांना मुंग्या आल्या की दोष टंकलेखनाचा, हे अनुमानही घाईचे आहे. मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली गेल्याने अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होतात. त्यामागे मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा गरोदरपणही असू शकते. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरणे हितावह नसते. हलके चालणे अधिक लाभते.

हाताची पकड ढिली पडणे, पायातील बळ जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मात्र घरी थांबण्याची लक्षणे नव्हेत. त्या वेळी बीदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनाविलंब जावे.