नकाशातील पीक आणि घरातील धान्य

उपग्रह आकाशातून शेताचे छायाचित्र घेतो आणि पिकाची खरी स्थिती कचेरीत बसल्या जागी कळते, तेव्हा तलाठ्याच्या पीकपाहणीचे आता प्रयोजन उरले नाही, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ होत आहे. ती निराधार नसली, तरी अपुरी आहे. आणि जेथे प्रश्न दुष्काळाचा व लोकांच्या अन्नाचा असतो, तेथे या अपुरेपणाचा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी बसतो.

वस्तुतः उपग्रह पिकावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस अगोचर असा अवरक्त प्रकाश विपुल प्रमाणात परत पाठविते. या दोहोंच्या तफावतीवरून वनस्पति-निर्देशांक काढतात. हा निर्देशांक केवळ हिरवेपणाचा असल्यामुळे शेतातली ज्वारी आणि पडीतली वेडी बाभूळ यांतील भेद एकट्या चित्रावरून निश्चित होत नाही. तो पेरणीपासून कापणीपर्यंतच्या नोंदींचा चढउतार पाहून आणि प्रत्यक्ष शिवारात जाऊन पडताळावा लागतो. शिवाय खरीप वाढतो तो नेमका ढगांखाली, जेथे रडारवाचून इलाज नसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातील लहानात लहान चौकोन 10 मीटर बाजूचा, म्हणजे सातबाऱ्याच्या हिशेबाने बरोबर एक आर. परंतु विस्तृत प्रदेशाच्या निरीक्षणासाठी दीर्घकाळ वापरलेल्या मोडिस या उपकरणाचा चौकोन 250 मीटरचा, सहा हेक्टरांहून मोठा, आणि त्यात अनेक खातेदारांचा कापूस, तूर व पडीक जमीन एकाच आकड्यात विरून जातात.

याच्या उलट, नकाशा म्हणजे सरकारने काढलेली पळवाट, असेही काही जण मानतात. तेही खरे नाही. पूर्वी सारी भिस्त आणेवारीवर, पुढे पैसेवारीवर असे, आणि अंतिम पैसेवारी 50 पैशांखाली असल्याचे जाहीर होईपर्यंत हंगाम सरलेला असे. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहीय निर्देशांक एकत्र तपासण्याची रीत घातली; मात्र त्याच संहितेत तालुक्यातील दहा टक्के गावांत क्षेत्रीय पाहणीही सांगितली आहे. 2018 साली महाराष्ट्रातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच पद्धतीने.

सर्वांत घातक गैरसमज मात्र निराळाच आहे: शिवार हिरवे, म्हणजे घरात अन्न. 1943 साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली, तेव्हा अन्नाचा एकूण साठा 1941 पेक्षा कमी नव्हता, असे अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. भाव चढले आणि शेतमजुरांची क्रयशक्ती कोसळली. मजुरीचे दर आणि स्वस्त धान्य दुकानातील शिल्लक कोणत्याही उपग्रहास दिसत नाही. दुर्भिक्षाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही अखेरच्या पायरीसाठी घरांतील अन्नाचा आत्यंतिक अभाव, बालकांचे कुपोषण आणि मृत्युदर अशी तीन मोजमापे लागतात, आणि ती घरोघर जाऊनच घ्यावी लागतात.