प्रमाणपत्र आधी की अनुभव?

धायरी, नऱ्हे, वडगाव या सिंहगड रस्त्यालगतच्या परिसरात अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी राहतात. पदवी हाती येताच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : हजारो रुपये भरून संगणक क्षेत्रातील प्रमाणपत्र मिळवावे, की कमी पगारावर का होईना, कामाला लागावे?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी परीक्षांच्या अटींतच सापडते. सिस्कोची 'सीसीएनए' परीक्षा अनुभवाशिवाय देता येते. मात्र त्या प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांचीच असते. रेड हॅटच्या 'आरएचसीएसए' परीक्षेत प्रत्यक्ष यंत्रणेवर काम करून दाखवावे लागते. माहिती सुरक्षेतील 'सीआयएसएसपी'साठी परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. त्याखेरीज ५ वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागतो. संबंधित पदवी असल्यास त्यात एका वर्षाची सवलत मिळते. थोडक्यात, प्रमाणपत्र जितके वरच्या दर्जाचे, तितका अनुभवावर भर अधिक.

शिवाय प्रमाणपत्रेही कालबाह्य होतात. एकेकाळी मोठा मान असलेली मायक्रोसॉफ्टची 'एमसीएसई' २०२१ मध्ये बंद झाली. ती मिळवताना ज्यांनी सर्व्हर प्रत्यक्ष हाताळले, त्यांचे ज्ञान मात्र पुढेही उपयोगी पडले.

नवोदितांनी म्हणूनच आधी विषय निश्चित करावा, घरच्या संगणकावर आभासी यंत्रे उभारून सराव करावा आणि मगच परीक्षेचे शुल्क भरावे. प्रमाणपत्रामुळे मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते. परंतु 'सर्व्हर बंद पडल्यास प्रथम काय तपासाल?' या प्रश्नाचे उत्तर सरावातूनच देता येते.